खालचा गडी

ता. ८ जानेवारी

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला हे मला माहीत आहे. तेव्हा शिव्यांची जागा तू पिटुकलीच्या बातम्यांना वापर. लिहायला बसलो तर पेन चालेना. पेन आणायला गेलो तर शेजारी एकजण शिवणयंत्र खोलून बसलेला. त्याचं सगळं जुळेपर्यंत तिथून हलवेना, आणि जुळलं तेव्हा पेनाचं दुकान बंद झालेलं.

असो. मुख्य बातमी अशी, की जोडीची पहिली शर्यत आम्ही पुरी केली. आम्ही म्हणजे मी आणि तुझा नवरा. नाव लिहून घेणाऱ्यानं धंदा विचारला. मी सामान हलवणारा आणि भाऊजी चष्मेवाले, हे ऐकून त्यानं पुन्हा एकदा मान वर करून आम्हाला बघितलं. सकाळी सुटायचं, डोंगरामागून डोंगर चढत-उतरत दिवस मावळायच्या आत पोचायचं, आणि दोघांनी मिळून पोचायचं. एकटा पोचला तर दोघंही बाद. अशा दोन शर्यती झाल्या की शर्यत भरवणारं मंडळ आमच्यासारख्या हौशी लोकांना मे महिन्यात बर्फाच्या डोंगरावर नेतं. म्हणजे अर्धं काम झालं!

आता भाऊजी सांगायच्या आत मीच सांगतो. मधे एक बकरी दिसली. सरळ उभ्या कातळावरून उतरत होती, ताई, जिना उतरावा तशी. पाय कुठे टेकते ते बघायला मी जरा तिच्या मागे गेलो, तर वाटच चुकली. परत येऊन बघतो तर भाऊजी एका दगडाला टेकून शांत उभे. चिडणं नाही, काही नाही. म्हणाले, बकरी छान होती.

असा जोडीदार मिळायला नशीब लागतं. दिवसभर माझ्या मागे होते, पण हळू चल नाही, थांब नाही, चकार शब्द नाही. आमच्या टोळीतसुद्धा इतका गप्प माणूस नाही.

इथे सराव फुकटात होतो. आमच्या भागातल्या इमारतींच्या लिफ्ट सारख्या बंद पडतात. मुकादम म्हणतो, लिफ्ट बंद आहे ऐकून हसणारा माणूस त्यानं जन्मात पहिल्यांदा बघितला. कपाट घेऊन वर गेलो की सगळे धापा टाकत बसतात आणि मी गच्चीवर जाऊन डोंगर दिसतो का बघतो. दिसत नाही. वाळत घातलेले कपडे दिसतात.

आप्पांना नमस्कार, पिटुकलीला एक गालगुच्चा. माझ्यावरचा लोभ नीट झाकून ठेव, आल्यावर गरम करून घेईन.

तुझा,
भिंगरी


ता. २१ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. बकरीचं मला आधीच कळलं होतं. पिटुकली आता घरभर चार पायांवर फिरते आणि मामासारखी बकरी शोधते. शाळेतून चिठ्ठी आली तर उत्तर द्यायला तुलाच बोलावीन.

आता तुझ्या गुणी जोडीदाराचं ऐक. शर्यतीहून आले ते आपला जिना बसून उतरत होते, एकेक पायरी, लहान मूल उतरतं तसे. अंगठ्याची दोन्ही नखं काळीनिळी. मी विचारलं कसं झालं, तर म्हणाले छान झालं. पुष्कळ खोदल्यावर कळलं, की तू बकरीमागे गेलास तेव्हा ते त्या दगडाआड ओकत होते. तुला बकरी दिसली आणि माणूस दिसला नाही. चकार शब्द बोलले नाहीत असं तू कौतुकानं लिहितोस, आणि माझी काळजी नेमकी तीच आहे.

मी अडवणार नाही. दुकानात अक्षरांच्या तक्त्याशेजारी त्यांनी त्या बर्फाच्या डोंगराचं चित्र लावलंय, ते आमच्या लग्नाच्याही आधीपासून. गिऱ्हाईक तक्त्यावरची अक्षरं वाचतं आणि हे चित्राकडे बघत असतात. चाळिशीच्या आत एकदा तिथे जाऊन यायचं, एवढंच त्यांनी स्वतःसाठी मागितलंय. तेही माझ्याकडे नाही, पिटुकलीकडे, ती झोपलेली असताना.

पण मला माणूस परत हवा, भिंगरी. धडधाकट, बोलता-चालता. तू पुढे असतोस. अधूनमधून मान वळव आणि विचारत जा.

आप्पा ठीक. तुझ्या पत्रातला लिफ्टचा मजकूर त्यांनी दोनदा वाचायला लावला. जेवत जा. मला तुझी आठवण येते हे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहीत नाही, येते.

तुझी,
ताई


ता. १० मार्च

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

ओकल्याचं खरंच कळलं नव्हतं. वाईट वाटलं. पण तू हमालाची मुलगी असून मला विचारत जा म्हणतेस? विसरलीस वाटतं, म्हणून पुन्हा लिहितो.

जिन्यात कपाट नेताना दोन गडी. वरच्याला वाट दिसते. खालच्याच्या तोंडासमोर नुसतं कपाट, त्याला काही दिसत नाही, आणि सगळं वजन त्याच्यावर. म्हणून वरच्यानं बोलत राहायचं: पायरी, वळण, कठडा. खालच्याकडे एकच शब्द असतो, टेक. तो म्हणाला टेक, की असेल त्या पायरीवर खाली ठेवायचं, का म्हणून विचारायचं नाही. आणि तो म्हणेपर्यंत वरच्यानं जमतंय का, दमलास का, असलं काहीही विचारायचं नाही. विचारलं म्हणजे त्याच्या ताकदीवर शंका घेतली. आप्पांनी मला मुळाक्षरांच्या आधी हे शिकवलं. मुळाक्षरं अर्धी राहिली, हे पक्कं झालं. भाऊजी माझे खालचे गडी आहेत. त्यांना नको झालं तर ते सांगतील. मी विचारून त्यांचा अपमान करणार नाही.

आणि आता दुसरी बातमी, नाच! दुसरी शर्यतही पुरी झाली. या वेळी पाऊस होता, चिखल होता, एक फारच देखणा पूल होता, पण मी पुलाखाली वाकूनसुद्धा बघितलं नाही. मंडळानं दोघांची नावं घेतली. एप्रिल संपता संपता निघायचं.

शर्यतीनंतर भाऊजी दोन दिवस माझ्या खोलीवर राहिले. मी कामाला निघालो तर म्हणाले, मीही येतो, सराव होईल. मुकादमानं गंमत म्हणून त्यांना लोखंडी कपाटाची खालची बाजू दिली. आणि काय सांगू! पार वरच्या मजल्यापर्यंत एकदाही टेक म्हणाले नाहीत. वर गेल्यावर चहाचा कप धरता येईना. कप खाली ठेवून म्हणाले, छान. टोळीनं टाळ्या वाजवल्या. चष्म्याचं दुकान बुडालं तर इकडे ये असं मुकादमानं सांगितलंय.

तेव्हा काळजी करू नकोस. डोंगराच्या पायथ्याशी एक खानावळ आहे, तिथे दोन दिवस थांबून वर जायचं. फोन नाही तिथे, पण पत्रं येतात म्हणे. पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय, कारण पुढच्या बाजूवर चहा सांडला.

राग असला तर अर्धा ठेव, अर्धा सोड.

तुझा,
भिंगरी


ता. २ मे

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तुम्ही परवा निघालात. काल दुकान आवरता आवरता तुझं मार्चचं पत्र पुन्हा हाती लागलं आणि तिथेच स्टुलावर बसले. एवढे दिवस हे मला कसं दिसलं नाही? हे पत्र धावत टपालात टाकते आहे. मिळाल्याबरोबर वाच, सगळं वाच, मधे कुठे जाऊ नकोस.

आपल्या घरी कोणी विचारत नाही, कारण ज्याचं दुखतं तो सांगतो. त्यांच्या घरी कोणी सांगत नाही, कारण तिथे दुसरा विचारतो. आणि एकदा विचारून भागत नाही. जेवताना वाढू का म्हटलं तर पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदाही नको, तिसऱ्यांदा ताट पुढे येतं. लग्न झाल्यावर पहिले काही दिवस तो माणूस माझ्या हातचं जेवून अर्धपोटी उठत होता आणि मला वाटायचं, स्वयंपाक आवडत नाही. दुकानातसुद्धा बघ, गिऱ्हाइकाला एकाच काचेवर सोडत नाहीत. आता कसं दिसतंय, आणि आता, आणि आता? पहिल्या उत्तरावर त्यांचा विश्वासच नसतो.

तू वाट बघतोयस ते टेक म्हणतील म्हणून. ते वाट बघतायत तू विचारशील म्हणून. कपाट वर पोचलं ते ताकदीनं नाही रे, संकोचानं पोचलं.

काकांचं आठव. जिन्यात कपाट, ते खाली, आप्पा वर. काका हट्टानं टेक म्हणाले नाहीत, आप्पांनी नियमानं विचारलं नाही, आणि गुडघा गेला तो गेला. आप्पा म्हणतात त्यानं सांगायचं होतं. काका म्हणतात त्यानं विचारायचं होतं. तीन गल्ल्यांवर राहतात आणि एकमेकांची तोंडं बघत नाहीत.

म्हणून सांगते, तीनदा विचार. पहिली दोन उत्तरं नुसती रीत आहे. तिसरं खरं.

हे पत्र तुझ्या हातात पडो. बाकी काही मागत नाही.

ताई


ता. ५ मे

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

खानावळीत तुझं पत्र असेल असं वाटलं होतं, नाहीये. रागावलीस का? उद्या सकाळी आम्ही वर निघतो. चार-पाच दिवसांत खाली.

डोंगर चित्रातल्यासारखा नाही. चित्रात तो समोर असतो, इथे तो डोक्यावर असतो. खानावळवाल्याकडे एक कोंबडा आहे, तो डोंगराकडे पाठ करून आरवतो. मी बराच वेळ त्याला वळवायचा प्रयत्न केला.

सगळ्यांची नीट गट्टी जमलीय. एक वाटाड्या आहे, कमी बोलतो आणि दोरी फार तपासतो. एक टायपिस्ट बाई आहेत, त्या आमच्यापेक्षा भरभर चढतात. भाऊजींनी सगळ्यांसाठी दाट काळ्या काचांचे चष्मे बनवून आणलेत. बर्फावरचं ऊन डोळे जाळतं म्हणे.

भाऊजी उत्तम. इतके खुशीत मी त्यांना कधी बघितलं नाही. माझ्या प्रत्येक विनोदाला हसतात. तो आरशाच्या कपाटाचा विनोद मी आज चुकून तिसऱ्यांदा सांगितला, तरी हसले. कशाला नाही म्हणत नाहीत. जेवण मात्र थोडं कमी झालंय, पण इथे सगळ्यांचंच होतं.

पिटुकलीसाठी एक दगड घेतलाय, बकरीसारखा दिसतो. निदान मला तरी.

लोभाची शिदोरी बरोबर आहे असं धरून चालतो.

तुझा,
भिंगरी


ता. ११ मे

चि. भिंगरीस,

तुझं पाच तारखेचं पत्र आज आलं. म्हणजे माझं तुला मिळालं नाही.

हे माझ्या विनोदाला एकदाच हसतात, दुसऱ्यांदा सांगितला तर आधी सांगितलास म्हणतात. त्यांना ताप होता तेव्हा मात्र डॉक्टरांच्या प्रत्येक वाक्याला हसत होते. बरं नसलं की हा माणूस फार सभ्य होतो.

मी आप्पांकडे गेले. ते म्हणाले काही झालं तर जावईबापू सांगतील. तिथून तशीच काकांकडे गेले. ते म्हणाले पोरानं विचारलं तर सांगतील. दोघंही मला धीर देत होते.

आता दुकानात बसले आहे. गिऱ्हाईक नाही. समोर तो डोंगर आणि शेजारी तक्ता. सगळ्यात खालची बारीक ओळ आज मला वाचता येत नाहीये.

हे पत्र कुठे पाठवायचं तेही कळत नाही. पाठवते.

ताई


ता. १२ मे

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

भाऊजी जिवंत आहेत. शेजारच्या खाटेवर आहेत. आधी हे वाच आणि मग बस.

डोळ्यांवर पट्टी आहे. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, चार-सहा दिवसांत नजर पूर्ववत होईल, बर्फाच्या उन्हानं असं होतं. बाकी हातपाय, बोटं सगळं जागेवर. आता सगळं सांगतो, कुठेही न भरकटता.

शिखराच्या आदल्या दिवशी टायपिस्ट बाईंचा चष्मा एका भेगेत पडला. भाऊजींनी लगेच स्वतःचा काढून दिला आणि आपल्याला दुकानातून आणलेला एक साधा रंगीत चष्मा लावला. आपल्याला चालतो म्हणाले. मी बघितलं, आणि काय मोठं मन आहे असं वाटलं, बस. त्या दिवशी ऊन पांढरं पडलं होतं. संध्याकाळी ते तंबूत तोंडावर रुमाल टाकून पडले. मी विचारलं नाही. नियम.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता निघालो. एका दोरीला वाटाड्या, मग मी, मग भाऊजी. शेवटची धार अशी, की दोन्ही बाजूंनी खाली बघू नये. शिखर समोर होतं, ताई. दुकानापासून काकांच्या घराएवढं लांब. माझे पाय आपोआप पळायला लागले होते.

आणि मला एक किडा दिसला. लाल, पाठीवर काळे ठिपके, वाऱ्यानं कुठून तरी उडून आलेला, त्या एवढ्या बर्फावर चालत होता. मी थांबलो, वाकलो, मागे वळून भाऊजींना दाखवला. ते म्हणाले, छान आहे. पण ते किड्याकडे बघतच नव्हते. तोंड भलतीकडे होतं, डाव्या बाजूच्या दरीकडे, आणि गालावरून पाणी वाहत होतं. डोळे जवळजवळ मिटलेले. पहाटेपासून ते दोरीच्या ओढीवर पाय टाकत होते.

मी विचारलं दिसतंय का. हो हो, म्हणाले, उत्तम. पुन्हा विचारलं. अगदी स्पष्ट, म्हणाले, आणि हसले. तेव्हा मला एकदम तुझ्याकडची पहिली जेवणं आठवली. तू वाढू का म्हणालीस की मी लगेच ताट पुढे करायचो, आणि ते दोनदा नको म्हणून बसायचे. मी सगळं संपवून टाकायचो. तू तिसऱ्यांदा विचारलंस की पातेलं रिकामं. मला तेव्हा हसू यायचं.

मी तिसऱ्यांदा विचारलं. दुकानात ते विचारतात तसंच, आता कसं दिसतंय म्हणून.

त्यांचं हसू गेलं. मग अगदी हळू म्हणाले, टेक.

मी तिथेच बर्फात बसलो.

वाटाड्या मागे आला. म्हणाला, तो भाऊजींपाशी थांबेल, मी मागच्या दोरीबरोबर वर जाऊन यावं, फार वेळ लागणार नाही. भाऊजींनी तर हात जोडले, जा म्हणाले. आणि मला जायचं होतं, खोटं कशाला बोलू. पण अर्ध्या जिन्यात कपाट सोडून कोणी गच्ची बघायला जात नाही. मी वाटाड्याला म्हटलं, उतरू.

वाटाड्या पुढे पायऱ्या खोदत, मधे भाऊजी, वर मी दोरी ताणून. आणि मी बोलत राहिलो. पायरी. उजवा. खोल पायरी. वळण. कठडा नाही, डावीकडे झुकू नका. ते माझ्या शब्दावर पाय टाकत होते. एकदाच, एकदाच माझी नजर दूरच्या एका डोंगराकडे गेली, मी गप्प झालो, आणि बघतो तर त्यांचा एक पाय हवेत तसाच. न टाकता, न विचारता, माझ्या शब्दाची वाट बघत. त्यानंतर मी कुठेही बघितलं नाही. एवढा वेळ एकाच गोष्टीकडे मी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं, आणि ती गोष्ट होती तुझ्या नवऱ्याची टाच.

खाली आलो तर खानावळवाल्यानं तुझं पत्र दिलं. आम्ही वर गेलो त्याच दुपारी आलं होतं. भाऊजींना वाचून दाखवलं. पट्टीखालून पाणी आलं, ते म्हणाले औषधाचं आहे. मी तीनदा विचारलं नाही.

आठ-दहा दिवसांत त्यांना घरी पोचवतो. मी मजेत.

तुझा,
भिंगरी


ता. १९ मे

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, आणि समोर असतास तर दोन धपाटे.

पत्र उभ्यानंच वाचलं, बसायचं राहून गेलं. मग बसले ते पिटुकलीनं उठवेपर्यंत. तिला सांगितलंय की मामाला बकरीऐवजी किडा सापडला. ती खूश आहे.

त्यांना सांग, दुकान मी नीट चालवलंय आणि चित्र काढलेलं नाही. मी काढीन असं त्यांना वाटलं असणार.

पत्र आप्पांना वाचून दाखवलं. टेकपर्यंत आले आणि त्यांनी थांबायला सांगितलं. पाणी प्यायले. पुढचं वाच म्हणाले नाहीत, चपला घालून बाहेर पडले. काकांच्या दारात उभं राहून त्यांनी गुडघा कसा आहे म्हणून विचारलं. काका म्हणाले बरा आहे, आणि दार लावून घेतलं. काल पुन्हा गेले. काका पुन्हा म्हणाले बराच आहे म्हणून, पण या वेळी दार उघडं राहिलं होतं. उद्या जाणार आहेत. सकाळपासून दाढी करायची का नाही यावर विचार चाललाय.

आता तुझं. तू मजेत असं लिहिलंस. कसा आहेस रे? इतका धावलास, कपाटं वाहिलीस, आणि शिखर तेवढं राहिलं. कसा आहेस? आपल्या घरात हे विचारत नाहीत, तरी विचारते. भिंगरी, कसा आहेस?

तुझी,
ताई


ता. २४ मे

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

आठवड्याभरानं संध्याकाळच्या गाडीनं येतो. भाऊजींची पट्टी सुटली. पट्टी काढताना डॉक्टरांनी विचारलं कसं दिसतंय, तर म्हणाले छान. डॉक्टर वळले, तेव्हा मी त्यांना परत बोलावून आणखी दोनदा विचारायला लावलं. डाव्या डोळ्याला अजून जरा धूसर आहे. थेंब दिलेत.

काल ते भिंतीला टेकून डोंगराकडे बघत होते. मला म्हणाले, पुढल्या वर्षी ते पुढे चालतील आणि मी मागे, म्हणजे बकऱ्या आणि किडे त्यांना बघता येतील. मी हो म्हटलं नाही, तुला विचारून सांगतो म्हटलं. तुला कितीदा विचारायचं ते कळव.

तू विचारलंस त्याचं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनात म्हटलं, मजेत. दुसऱ्यांदाही मजेतच. तिसऱ्या प्रश्नावर आलो आणि कोंबड्याच्या खुराड्यामागे जाऊन रडलो, ताई. फार लागलंय. एवढं समोर होतं. ती टाच होती म्हणून वर बघितलं नाही, पण खाली आल्यापासून डोळे मिटले की तेच दिसतं. पुन्हा तसंच झालं तर पुन्हा खालीच येईन, तरी लागलंय. टेक.

आप्पा तिसऱ्यांदा गेले का? दाढी करून गेले का?

लोभ असावा असं नुसतं लिहून उपयोग नाही, हे आता कळलंय. आहे ना? आहे ना? आहे ना?

तुझा,
भिंगरी